काळोखातली दुर्बीण

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर येऊन ठेपलेलं होतं. त्या दिवशी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नावाची बोट रेवसला जायला निघाली. आषाढातली अमावास्या तोंडावर आलेली, त्यामुळे गावी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली होती. मुंबई ते रेवस हे अंतर ते किती! पण पावसाळी वारं उठलं, लाटा चढल्या, बोट एका अंगावर कलली आणि रेवसच्या अलीकडे बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. इतकं मोठं शहर समोरच्या किनाऱ्यावर उभं होतं, आणि आपल्याच दारात काय घडलं याची बातमी त्या शहराला कित्येक तासांनी मिळाली. तीही पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून आणि मच्छीमारांच्या होड्यांनी ज्यांना उचललं त्यांच्याकडून.

कोकणातल्या घराघरांत या बोटीची आठवण अजून निघते. पण बुडण्याच्या दुःखाइतकीच मला दुसरी गोष्ट अस्वस्थ करते. त्या सकाळी बंदरात बसून समुद्राकडे पाहणारं कोणी नव्हतं असं नाही. पण पावसाच्या पडद्यापलीकडे कोणालाच दिसत नव्हतं. सहाशे माणसांना घेऊन एक बोट नाहीशी झाली आणि ती नाहीशी झाल्याचं दिसलं नाही.

आज मला समुद्रावरच्या या दिसण्याविषयी बोलायचं आहे. म्हणजे रडारविषयी. कवितेच्या वहीत रमणाऱ्या, बी. ए. झालेल्या माणसानं रडारवर बोलावं, तेही समुद्रापासून दूर, गोदाकाठच्या नाशकात बसून, याचं काहींना नवल वाटेल. पण आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षं थंडीच्या अखेरीस न्हावा-शेवा बंदरातून जहाजात चढतात आणि काही आठवड्यांनी हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. बागाईतदाराचं वर्षभराचं उत्पन्न अंधाऱ्या रात्री, वादळी पाण्यातून, कुणाच्या तरी नजरेच्या भरवशावर जात असतं. ती नजर कशी घडली, हे आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

पूर्वी ही नजर म्हणजे माणसाचे दोन डोळे आणि किनाऱ्यावरचा दिवा. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून जिथं किल्ला बांधायला घेतला, तेच हे बेट. पुढे १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेला, पाण्याखाली लपलेल्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह झालं. कोणता दिवा किती वेळानं लुकलुकतो यावरून नाविक तो ओळखत आणि आपण कुठं आहोत हे ठरवत. वजन लावलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत. दिसेनासं झालं की घंटा आणि भोंगे वाजवत.

या कामाची सगळी भाषा आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे. ‘खलाशी’ हा शब्द अरबीतून आला, ‘सारंग’ फारसीतून. रत्नागिरी, दाभोळ, राजापूरकडच्या कोळी, भंडारी आणि कोकणी मुसलमान घरांतून कितीतरी माणसं या शब्दांच्या आधारावर जगभरच्या जहाजांवर गेली. दूरचं दाखवणारी ‘दुर्बीण’ हाही फारसीच शब्द. पण दुर्बिणीला उजेड लागतो. कोकणचा पाऊस दहा हातांवरचं दिसू देत नाही, तिथं दुर्बीण काय करणार आणि दीपगृहाचा दिवा तरी काय करणार? समुद्राला हवी होती काळोखातली दुर्बीण.

तिची मूळ कल्पना अगदी घरगुती आहे. विहिरीत तोंड घालून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. घाटात ओरडलं की समोरचा कडा उत्तर देतो. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून कडा किती लांब आहे याचा अंदाज करता येतो. वटवाघूळ हेच करतं. हाक मात्र आवाजाची असेल तर समुद्रावरच्या वाऱ्यात ती विरून जाते. ती विद्युतचुंबकीय लहरींची, म्हणजे रेडिओ लहरींची असेल तर?

या लहरींशी खेळणारा एक माणूस आपल्याच देशात होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवला. भिंतीपलीकडे पाठवलेल्या लहरींनी त्यांनी घंटा वाजवली आणि दारू पेटवली. त्यांनी हाताळलेल्या लहरी फार आखूड होत्या, काही मिलिमीटर लांबीच्या. रडारसारखी यंत्रं ज्या प्रकारच्या आखूड लहरींवर पुढे उभी राहिली, त्या लहरींचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही माणसांत बोस यांची गणना होते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०४ मध्ये, ख्रिस्टियान ह्यूल्समायर नावाच्या बावीस वर्षांच्या जर्मन तरुणानं याच कल्पनेला जहाजाचं काम दिलं. लहर सोडायची, समोर लोखंडी जहाज असेल तर ती आपटून परत येईल आणि घंटा वाजेल. मे महिन्यात त्यानं कोलोनला ऱ्हाईन नदीवर प्रयोग केला. जून महिन्यात जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींपुढे तो करून दाखवला, आणि तो कुठे? आपली द्राक्षं उतरतात त्या रॉटरडॅम बंदरात. घंटा वाजली. मंडळींनी कौतुक केलं. पण यंत्र कोणी विकत घेतलं नाही. समोर काहीतरी आहे एवढंच ते सांगत होतं, किती लांब आहे हे थेट सांगत नव्हतं. आणि जहाजांना भोंगे होतेच की! आठ वर्षांनी, १९१२ मध्ये, ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलं तेव्हा पहारेकऱ्यांच्या हाती उघडे डोळे होते, बस्स.

अनेक शोधांच्या कपाळी असतं तसं या शोधाच्याही कपाळी युद्ध होतं. फेब्रुवारी १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रेडिओ लहरींच्या साह्यानं आकाशातलं विमान हेरता येतं हे दाखवलं. शत्रूची विमानं लांबूनच ओळखण्यासाठी ब्रिटनच्या किनाऱ्यावर उंचच उंच मनोरे उभे राहिले. पण ते मनोरे जहाजावर कसे चढवायचे? लहर लांब असेल तर ती सोडणारी रचनाही मोठी लागते. ही अडचण सुटली १९४० च्या फेब्रुवारीत, बर्मिंगहॅम विद्यापीठात. जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी मॅग्नेट्रॉन नावाची तळहातावर मावेल अशी वस्तू बनवली. तिच्यातून सुमारे दहा सेंटिमीटरच्या जोरकस लहरी निघत. आज आपल्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न गरम करतो तो हाच मॅग्नेट्रॉन. त्याच्यामुळे रडार लहान झालं, जहाजाच्या डोलकाठीवर जाऊन बसलं.

इथं आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती मॅग्नेट्रॉनइतकीच महत्त्वाची होती. सुरुवातीच्या रडारवर दिसायची ती एक आडवी रेघ. लहर परत आली की रेघेवर एक उंचवटा उठायचा. तो कोणत्या दिशेचा आहे हे वेगळं शोधावं लागे. त्या उंचवट्याची भाषा फार थोड्यांना वाचता येई. १९४० च्या आसपास या रेघेच्या जागी गोल पडदा आला. पडद्याच्या मध्यभागी आपण. आपल्याभोवती जग. मधल्या बिंदूतून निघालेली उजेडाची एक रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि जिथून उत्तर आलं तिथं ठिपका उमटवून पुढे जाते. कोणती दिशा, किती अंतर, एका नजरेत. यंत्राच्या उत्तराचं नकाशात रूपांतर झालं. नकाशा वाचणं माणसाला हजारो वर्षांपासून येतं.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात पाहू. जहाजाच्या डोलकाठीवर एक लांबट पट्टी गरगर फिरत असते. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर आपण ती पाहिली असेल. मिनिटाला साधारण वीस-पंचवीस फेऱ्या ती घेते. फिरता फिरता लहरींचे बारीक बारीक ठोके सोडते आणि दोन ठोक्यांमध्ये गप्प बसून उत्तर ऐकते. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते. समोरची वस्तू दीडशे मीटरवर असेल तर जाऊन यायला लागतो सेकंदाचा दहा लाखावा भाग. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अंतरावरच्या जहाजाचं उत्तर अशा सुमारे बारा भागांत येतं. हा हिशेब यंत्र करतं आणि पडद्यावर त्या अंतरावर ठिपका उमटवतं. अंतर चटकन कळावं म्हणून पडद्यावर एकात एक वर्तुळं आखलेली असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी.

जुन्या पडद्याला आतून एक विशेष लेप असे. उजेडाची रेघ पुढे गेली तरी ठिपका काही क्षण मंद होत तिथंच राहायचा. दिवसाच्या उजेडात तो दिसत नसे, म्हणून अधिकारी रबरी टोपात तोंड खुपसून पडदा पाहत. १९८० च्या दशकापासून उजेडात दिसणारे पडदे आले, नंतर रंगीत आणि सपाट. मोठ्या जहाजांवर दोन रडार असतात. तीन सेंटिमीटरच्या लहरींचं रडार बारकावे दाखवतं, पण पावसाला बिचकतं. दहा सेंटिमीटरचं थोडं ढोबळ दाखवतं, पण पाऊस भेदून जातं. आपल्याकडच्या जून-जुलैत या दुसऱ्याची किंमत कळते.

इथवर सगळं सोपं वाटतं. ठिपका दिसला, जहाज वळवलं, संकट टळलं. पण रडारचा खरा इतिहास इथून सुरू होतो. कारण ठिपका दिसणं आणि ठिपक्याचा अर्थ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण नाशिक रोडहून गाडीत बसलो की झाडं पळतात. ती पळत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. रडारच्या पडद्यावर आपलं जहाज मध्यभागी स्थिर असतं आणि सगळं जग त्याच्याकडे सरकत असतं. नांगरून ठेवलेली बोया आपल्या अंगावर चालून येते. समोरचं जहाज आपल्याच दिशेनं आपल्याच वेगानं जात असेल तर ते पडद्यावर जागचं हलत नाही. ठिपक्याची ही चाल त्याची एकट्याची नसते, त्याची आणि आपली मिळून असते. एका ठिपक्याकडे एकदा पाहून त्यातून काहीही कळत नाही. तो पुन्हा पाहावा लागतो, आणि मग पुन्हा.

यात एक जुनं शहाणपण आहे, जे रडारच्याही आधीचं. महामार्गावरून आपण चाललो आहोत आणि बाजूच्या रस्त्यावरून एक ट्रक चौकाकडे येतो आहे. आपल्या खिडकीतून तो हळूहळू मागे सरकत गेला तर आपण आधी निघून जाऊ. पुढे सरकत गेला तर तो आधी जाईल. पण तो खिडकीत एकाच जागी खिळलेला दिसला आणि मोठा मोठा होत गेला, तर दोघे एकाच वेळी चौकात पोचणार. समुद्रावरचा नियम हाच आहे. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र कमी होत आहे, याचा अर्थ टक्कर. शांतपणे, अगदी सरळ रेषेत मध्याकडे येणारा ठिपका सगळ्यांत घातक असतो.

म्हणून अधिकाऱ्यांना शिकवलं जाई की मेणाची पेन्सिल घ्या, ठिपक्यावर खूण करा. सहा मिनिटं थांबा, पुन्हा खूण करा. सहाच मिनिटं का? तर ती तासाचा दहावा भाग. ताशी बारा सागरी मैलांनी जाणारं जहाज सहा मिनिटांत एक पूर्णांक दोन दशांश मैल जातं, हिशेब तोंडी होतो. दोन-तीन खुणा जोडल्या की रेघ मिळते. ती रेघ पुढे वाढवली की दुसरं जहाज आपल्यापासून किती जवळून जाणार आणि किती वेळानं, हे कळतं. साधी भूमिती. पण ती करावी लागते.

ती न केल्यानं काय होतं, हे जगानं २५ जुलै १९५६ च्या रात्री पाहिलं. ‘आंद्रेआ दोरिया’ हे इटलीचं देखणं प्रवासी जहाज न्यूयॉर्कला येत होतं. ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज न्यूयॉर्कहून निघालं होतं. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, नँटकेट बेटाच्या दक्षिणेला, दाट धुकं होतं. दोन्ही जहाजांवर रडार होतं. दोघांनीही एकमेकांना कित्येक मैलांवरून पडद्यावर पाहिलं होतं. ‘आंद्रेआ दोरिया’वर अंदाज बांधला गेला की समोरचं जहाज आपल्या उजवीकडून जाईल. ‘स्टॉकहोम’वर वाटलं की ते आपल्या डावीकडून जाईल. इटालियन जहाजावर खुणा करून रेघ काढलेली नव्हती, नुसत्या नजरेवर काम चाललं होतं. अंतर आणखी वाढावं म्हणून एक डावीकडे वळलं आणि दुसरं उजवीकडे, म्हणजे दोघं एकमेकांकडेच. धुक्यातून दिवे दिसले तेव्हा उशीर झाला होता. ‘स्टॉकहोम’चं बर्फासाठी मजबूत केलेलं नाक दुसऱ्या जहाजाच्या कुशीत घुसलं. ५१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आंद्रेआ दोरिया’ तळाला गेलं.

या टकरीनंतर नाविकांच्या जगात एक बोचरा शब्दप्रयोग रूढ झाला, रडारच्या मदतीनं झालेली टक्कर. रडार नसतं तर दोन्ही जहाजं धुक्यात वेग उतरवून, भोंगे वाजवत, कान टवकारून चालली असती. रडार होतं, म्हणून वेगात चालली. यंत्रानं डोळे दिले आणि भीती काढून घेतली. थोडी भीती गाठीला असणं समुद्रावर फार गरजेचं असतं.

पुढे टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये नव्यानं तयार झाले आणि १९७७ पासून लागू झाले. त्यांत रडारचा उल्लेख फार विचारपूर्वक केलेला आहे. जहाजावर चालू रडार असेल तर ते नीट वापरलंच पाहिजे. पण अपुऱ्या माहितीवरून, आणि विशेषतः रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून, अंदाज बांधायचे नाहीत. डोळे आणि कान यांनी ठेवायचा पहारा कुठल्याही यंत्रामुळे माफ होत नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहिलेली ही वाक्यं माणसांच्या मरणातून आलेली आहेत.

मेणाच्या पेन्सिलीचं काम नंतर संगणकानं उचललं. १९७० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या जहाजांसाठी तशी यंत्रणा सक्तीची करण्याचं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. आता प्रत्येक ठिपक्याला एक बाणासारखी रेघ फुटते, तो कुठं चालला आहे हे दाखवणारी. सर्वांत जवळ किती अंतरावर येईल, किती मिनिटांनी येईल, हे आकडे बाजूला उमटतात. धोका असेल तर गजर वाजतो. २००२ नंतर मोठ्या जहाजांवर स्वतःचं नाव, जागा आणि वेग आपण होऊन सांगणारी यंत्रंही टप्प्याटप्प्यानं बसली. पूर्वी जो मुका ठिपका होता तो आता आपलं नाव सांगतो. रामदाससारख्या प्रसंगासाठीही एक सोय झाली. बुडणाऱ्या जहाजातून माणसं तराफ्यावर उतरली तर बरोबर एक लहानसं उपकरण घेतात. शोधायला आलेल्या जहाजाच्या रडारची लहर त्याला लागली की ते उत्तर देतं, आणि त्या जहाजाच्या पडद्यावर एका ओळीत बारा ठिपके उमटतात. बारा ठिपके दिसले की ओळखायचं, तिथं माणसं आहेत.

बंदरांनीही डोळे बसवले. लिव्हरपूल बंदरात किनाऱ्यावरून जहाजांना वाट दाखवणारं रडार केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. ‘रामदास’ बुडाल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. अशा रडारनं वादळ थांबलं नसतं, बोटही सावरली नसती. पण पडद्यावरचा एक ठिपका विझला हे कोणालातरी त्याच क्षणी कळलं असतं. मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरं एकाच मुख्य जलमार्गानं ये-जा करतात, आणि आज तिथली वाहतूक रडारवरून पाहिली जाते.

मग आता सगळं ठीक आहे का? ७ ऑगस्ट २०१० ची सकाळ आठवा. ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरचं जहाज न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होतं. ‘खलिजिया-३’ हे जहाज मुंबई बंदराकडे आत येत होतं. दिवसाउजेडी, दहाच्या सुमाराला, प्राँग्ज दीपगृहाच्या परिसरात, दोघांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कललं आणि त्यावरचे कंटेनर पत्त्यांसारखे समुद्रात घसरू लागले. बाराशेच्या वर कंटेनर त्यावर होते, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. शेकडो टन तेल पाण्यात गेलं, रायगडच्या किनाऱ्यावर आणि खारफुटीत जाऊन बसलं. मच्छीमारांची मासळी कोणी घेईना. जलमार्ग काही दिवस बंद राहिला आणि दोन्ही बंदरांतली वाहतूक थबकली. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. दोन्ही जहाजांवर यंत्रं होती, किनाऱ्यावर पाहणारी यंत्रणा होती, समोर १८७५ चं दीपगृहही उभं होतं. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत चर्चा चालली ती संपर्काची: कोण कोणाशी बोललं, कोणी काय ऐकलं. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी २०११ ला, मुंबई बंदरात ‘विंध्यगिरी’ या आपल्या युद्धनौकेची ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि आगीनंतर ती नौका बुडाली. १९४७ मध्ये दिसत नव्हतं. २०१० मध्ये दिसत होतं, तरीही घडलं.

आणि दिसत नाही असंही अजून पुष्कळ आहे. २००८ च्या नोव्हेंबरात दहेशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कुलाब्याला उतरले. हजारो मच्छीमार होड्यांच्या गर्दीत एक होडी कशी ओळखायची? त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर रडारची साखळी उभारायला घेतली गेली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. पण २०११ च्या जुलैअखेर ‘पवित’ नावाचं जहाज, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, एकही माणूस नसताना अरबी समुद्र ओलांडून आलं आणि जुहूच्या किनाऱ्याला लागलं. सकाळी फिरायला गेलेल्यांना ते वाळूत उभं दिसलं!

सगळ्यांत कमी दिसते ती आपली लाकडी होडी. रडारची लहर लोखंडावरून जोरात परतते, लाकडावरून क्षीण. त्यातून समुद्र खवळलेला असला की लाटांवरूनही उत्तरं येतात आणि पडद्याच्या मध्याभोवती ठिपक्यांचा नुसता सडा पडतो. तो पुसायला एक बटण असतं. ते फिरवलं की लाटा पुसल्या जातात. जास्त फिरवलं तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. पडदा स्वच्छ, सुंदर दिसतो, आणि त्या स्वच्छ काळ्या जागेत कुणीतरी तांडेल आपल्या चार खलाशांबरोबर जाळं ओढत असतो. मोठ्या जहाजाला थांबायला कित्येक किलोमीटर पाणी लागतं. होडीला चिरडून गेल्याचं त्याला कळेलच असं नाही.

उपाय फार अवघड नाहीत. होडीच्या काठीवर धातूच्या पत्र्यांचा कोनाकोनांचा परावर्तक टांगला तर क्षीण उत्तर ठसठशीत होतं. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एक योजना सुरू झाली. त्यात देशभरातल्या मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. उपग्रहाच्या साह्यानं होडी आपली जागा कळवील, संकटात संदेश पाठवील. पडद्यावर आपली खूण असावी हा मोठ्या जहाजांइतकाच लहान होडीचाही हक्क आहे, ही गोष्ट यातून मान्य झाली.

मुंबईच्या लाल बहादूर शास्त्री नौ-महाविद्यालयासारख्या संस्थांत तरुण अधिकारी रडारच्या पडद्यासमोर सराव करतात. खोट्या समुद्रात खरी संकटं त्यांच्यापुढे मांडली जातात. यंत्र चालवायला ते लवकर शिकतात. शिकायला वेळ लागतो तो यंत्रावर किती विश्वास ठेवायचा हे. पडद्यावरून नजर उचलून खिडकीबाहेर पाहायला, बाहेरून पुन्हा पडद्याकडे यायला, आणि दोन्ही जुळत नसतील तेव्हा थांबायला. वेग कमी करणं हा समुद्रावर कमीपणा मानला जात नाही.

जहाजाच्या पुलावर रात्री बारा ते चार हा पहारा फार जड असतो म्हणतात. सगळे झोपलेले, इंजिनाची घरघर, पुढे हिरवट पडदा आणि एक जागा माणूस. तो एक ठिपका पाहतो. सहा मिनिटांनी पुन्हा पाहतो. ठिपका बाजूला सरकलेला असतो, म्हणजे ते जहाज सुखरूप निघून जाणार. कुठं काही घडत नाही, त्यामुळे या माणसाचं नाव कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. आपली द्राक्षं वेळेवर रॉटरडॅमला उतरतात. रेवसच्या बाजूला एखादी होडी पहाटे जाळं भरून परत येते. ‘रामदास’वरच्या माणसांकडे त्या सकाळी असं पाहणारं कोणी नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)